सुट्टी घेणारा खोकला

वहिनींचा खोकला सुट्टीच्या दिवशी कामावर येत नाही, हे सगळ्यांत आधी त्यांच्या नवऱ्याच्या लक्षात आलं. तो बेकरीची गाडी चालवायचा. पहाटे निघायचं, दुकानादुकानांत पाव पोचवायचे आणि दुपारच्या आत घरी येऊन पाय पसरायचे, असा त्याचा दिनक्रम. त्यामुळे बायको कधी खोकते आणि कधी नाही, हे ऐकायला त्याला सवड होती. एका सुट्टीच्या संध्याकाळी चहा पिता पिता तो म्हणाला, "तुझा खोकला सरकारी नोकरीत आहे काय गं? सुट्टीला दिसत नाही, आणि कामाच्या दिवशी जेवण झालं की हजर."

वहिनी हसल्या. हसताना त्यांना ठसका लागला नाही, हेही त्याने बघून ठेवलं.

तशा त्या एकाच माणसाच्या वहिनी, धाकट्या दिराच्या. पण दुकान ही दोघं मिळून चालवायची. दीर दिवसभर "वहिनी, हे बघा", "वहिनी, ते कुठे ठेवलंत" करत असायचा, ते ऐकून ऐकून गिऱ्हाइकंही तेच म्हणायला लागली, त्यांच्याहून दहा-पंधरा वर्षांनी मोठे सुतारसुद्धा. दुकान होतं धार लावण्याचं. घराच्याच तळमजल्यावर, वर बिऱ्हाड. तिथे मुख्य काम यायचं ते गोल करवतींचं, ज्यांच्या प्रत्येक दाताच्या टोकाला कार्बाइडचा नखाएवढा तुकडा जोडलेला असतो. तो इतका कठीण की साधी कानस त्याच्यावर ओरखडाही उठवू शकत नाही. त्याला हिऱ्याची पूड बसवलेलं चाक लागतं, आणि चाक तापू नये म्हणून वरून सतत दुधट रंगाच्या पाण्याची धार. ते पाणी खालच्या टाकीत उतरायचं, पंपाने पुन्हा वर चढायचं, पुन्हा चाकावर पडायचं. चाक फिरलं की त्याचे बारीक तुषार हवेत तरंगत राहायचे. दिवस संपेपर्यंत वहिनींच्या चष्म्यावर राखाडी ठिपके जमलेले असायचे. एप्रनच्या टोकाने पुसले की झालं.

लग्न होऊन या घरात आल्या तेव्हा त्यांना करवतीचे दात आणि कंगव्याचे दात यांतला फरकसुद्धा ठाऊक नव्हता. सासऱ्यांनी एकदा गंमत म्हणून मशीनसमोर उभं केलं आणि सुनेचा हात बघून स्वतः बाजूला झाले, ते कायमचेच. थोरल्या मुलाला या धंद्यात गोडी नव्हती. त्याने गाडी धरली. धाकटा आणि सून, अशी जोडी जमली. चाक दाताला नीट लागलंय की नाही हे वहिनींना आवाजावरून कळायचं. वर स्वयंपाक करता करता त्या ओरडून सांगायच्या, "भाऊजी, कोन चुकतोय," आणि भाऊजी मुकाट्याने पुन्हा लावायचे.

खोकला सुरू झाला तेव्हा कोणी मनावर घेतलं नाही. गल्लीतल्या जुन्या डॉक्टरांनी दमा म्हणून निदान केलं, तोंडात मारायचा पंप दिला. थोडे दिवस बरं वाटलं. मग जिना चढताना मधल्या पायरीवर थांबावं लागायला लागलं. आधी त्या थांबून कठडा पुसल्यासारखं करायच्या. पुढे पुढे पुसण्याचं नाटकही सोडून दिलं, नुसत्या उभ्या राहायच्या. अंग उतरलं, बांगड्या कोपरापर्यंत वर जायला लागल्या. शटर उचलताना दोनदा दम घ्यावा लागायचा. दीर म्हणायचा, "वहिनी, तुम्ही राहू द्या, मी करतो," तर त्यांना राग यायचा. शटर उघडायचं काम पहिल्यापासून त्यांचंच होतं.

अशातच लेकीचे दिवस भरत आले. ती दुसऱ्या गावी राहायची. वहिनी बाळंतपणाला म्हणून गेल्या आणि दीड-दोन महिने तिथेच राहिल्या. पहिल्या आठवड्यात लेकीलाच आईची काळजी वाटत होती; बाळाला घेऊन चार येरझारा घातल्या की आई खुर्ची शोधायची. पण बाळ काही ऐकणारं नव्हतं. त्याला कडेवर घेऊन कोणीतरी फिरत राहिलं तरच ते गप्प बसायचं, आणि उभ्यानेच, बसून नाही. वहिनी फिरत राहिल्या. आधी खोलीत, मग गॅलरीत, मग गल्लीच्या टोकापर्यंत. निघायच्या सुमारास एक दिवस लेक म्हणाली, "आई, तू खोकायचीस ना?" तेव्हा कुठे वहिनींना आठवलं की आपण खोकत होतो.

घरी परतल्यावर दुसऱ्याच दिवशी त्या मशीनवर बसल्या. लाकूड कारखान्याच्या करवतींचा ढीग साचला होता. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी खोकला आला, आणि आला तो जणू इतक्या दिवसांची बाकी वसूल करायला. त्यांना धड बोलताही येईना. नवरा जिन्यात आला, त्यांच्या पाठीवर हात ठेवून उभा राहिला. या वेळी त्याने थट्टा केली नाही. तो म्हणाला, "उद्या मोठ्या दवाखान्यात. पावाची गाडी दुसरा कोणी नेईल."

मोठ्या दवाखान्यातल्या छातीच्या डॉक्टरीणबाई वयाने वहिनींच्याच बरोबरीच्या होत्या. आवाज घोगरा, बोलणं थेट. त्यांनी नळीत फुंकायला लावलं, छातीचा स्कॅन काढायला लावला, आणि मग सगळे कागद बाजूला सारून विचारलं की दिवसभर करता काय. वहिनींनी सांगितलं, धार लावण्याचं दुकान आहे. कशाला धार? करवतींना. साध्या की कार्बाइडच्या? हा प्रश्न ऐकून वहिनी चमकल्या. डॉक्टरला कार्बाइड ठाऊक असेल असं त्यांना वाटलं नव्हतं. "कार्बाइडच्या," त्या म्हणाल्या. बाईंनी पेन खाली ठेवलं आणि नवऱ्याकडे वळून विचारलं, सुट्टीच्या दिवशी बरं वाटतं का? नवऱ्याने सरकारी नोकरीचा किस्सा सांगितला. बाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, हे तुम्ही ज्या डॉक्टरला पहिल्यांदा दाखवलं त्याला सांगायला हवं होतं.

मग एक तपासणी झाली. घशातून बारीक नळी फुप्फुसात उतरवून थोडं मिठाचं पाणी आत सोडायचं आणि परत ओढून घ्यायचं, म्हणजे आतल्या पेशी धुऊन बाहेर येतात. वहिनींना गुंगीचं औषध दिलं होतं, त्यांना फक्त घसा खवखवल्याचं आठवलं. निकाल घ्यायला गेल्या तेव्हा डॉक्टरीणबाईंनी कॉम्प्युटरचा पडदा त्यांच्याकडे फिरवला. जांभळट रंगाचं चित्र होतं. मधोमध एक अवाढव्य पेशी, आणि तिच्या पोटात दोन-तीन लहान पेशी, अख्ख्याच्या अख्ख्या.

"हे काय?" वहिनींनी विचारलं.

बाईंनी सावकाश समजावून दिलं. श्वासाबरोबर धूळ आत जातच असते, सगळ्यांच्याच. जाड कण नाकात अडकतो. त्याहून बारीक असेल तो श्वासनळीत चिकटतो, आणि तिथे मखमलीसारखी लव असते, ती सारखी वरच्या दिशेने हलत असते. झोपेतसुद्धा. ती कचरा ढकलत ढकलत घशापर्यंत आणते आणि आपण तो नकळत गिळून टाकतो. पण सगळ्यांत बारीक कण थेट तळाला जातो, जिथे हवेचे इवलेसे फुगे असतात. तिथे लव नाही. तिथे सफाईला या पेशी असतात. त्या कण गिळतात, काही वर आणून सोडतात, काही आत साठवून ठेवतात.

"कार्बाइडमध्ये कोबाल्ट नावाचा धातू असतो," बाई म्हणाल्या. "कण जोडून ठेवायला, चुन्यासारखा. तुमच्या मशीनच्या पाण्यात तो विरघळतो, आणि तेच पाणी फिरून फिरून दिवसेंदिवस आणखी कडक होतं. त्याचे तुषार तुम्ही ओढता. बहुतेकांना तो फारसं काही करत नाही. काहींच्या फुप्फुसात मात्र या सफाईच्या पेशी बिथरतात. एकमेकींना गिळायला लागतात. ही बघा, हिने आपल्याच बाजूच्या खाल्ल्यात."

वहिनी बराच वेळ बघत राहिल्या. "आपलीच माणसं," त्या म्हणाल्या.

"आपलीच."

नवऱ्याने विचारलं की मग तो आत गेलेला धातू बाहेर काढायचा कसा. एखादं औषध असेल, आणखी एकदा धुऊन काढता येईल. डॉक्टरीणबाईंनी मान हलवली. कोबाल्ट काढायला कोणाची गरज नाही, त्या म्हणाल्या. तो रक्तात उतरतो, मूत्रपिंड त्याला लघवीतून बाहेर टाकतं. बराचसा तर एक-दोन दिवसांतच जातो, उरलेला हळूहळू. दुसरा जो जड धातू असतो, टंगस्टन, तो सुस्त. तो खाली बसून राहील, पण एकटा असला की फारसा त्रास देत नाही.

"तुमचं शरीर रोज रात्री उपसा करतं," बाई वहिनींना म्हणाल्या. "अगदी चोख करतं. आणि रोज सकाळी तुम्ही नळ उघडता. तेवढा नळ बंद करा. सुजेसाठी गोळ्या मी देते, पण मुख्य औषध नळ बंद करणं हेच आहे. दुकानात पाऊल टाकायचं नाही."

"कधीपर्यंत?"

"मशीनपाशी कधीच नाही."

काय परत येईल आणि काय नाही, हेही त्यांनी लपवलं नाही. सूज उतरेल. जिथे व्रण झालाय तिथे व्रण राहील. सूज किती आणि व्रण किती, हे थांबल्यावरच कळेल.

घरी आल्यावर वहिनींनी दिराला सगळं सांगितलं. सांगताना त्यांना वाटत होतं की भाऊजी घाबरतील, काळजी करतील. भाऊजींनी एप्रनला हात पुसले आणि म्हटलं, "पाणी चालू असतं की. धूळ उडतच नाही." मग म्हणाले, "मी तुमच्याहून जास्त वर्षं करतोय. मला तर साधी सर्दी होत नाही."

बोलणं एवढंच. पण वहिनींच्या ते जिव्हारी लागलं. त्यात त्यांना ऐकू आलं ते असं: दुखणं तुमचं आहे, दुकानाचं नाही. भाऊजींच्या मनात तसं होतं की नव्हतं कोण जाणे. त्यांना डोळ्यांसमोर कारखान्याचा ढीग दिसत असावा, आणि तो एकट्याने उपसायचाय हे. माणूस वाईट नव्हता. घाबरला की हट्टाला पेटायचा, एवढंच.

मग वर बसून राहण्याचे दिवस आले. गोळ्यांनी खोकला झपाट्याने खाली आणला, पण तोंड सुजून भोपळ्यासारखं झालं, भूक वखवखायला लागली, झोप उडाली. लेक फोनवर म्हणायची, आराम कर. आराम कसा करतात हे वहिनींना कोणी शिकवलंच नव्हतं. कपाटं आवरून झाली, डबे घासून झाले. खालून चाकाचा आवाज यायचा, आणि त्यांच्या कानाला कळायचं की कोन चुकतोय. दोनदा जिन्याच्या तोंडाशी गेल्या आणि परत फिरल्या. ओरडून सांगावं तर भाऊजींशी बोलणं जेवणापुरतंच उरलं होतं. नवरा मधल्या मध्ये दोघांची मनं सांभाळायचा. ताटं वाढता वाढता उगाच बेकरीतल्या गमती सांगायचा, दोघंही एकमेकांकडे न बघता हसायची.

एक दिवस भाऊजी माल पोचवायला गेले होते आणि नवरा झोपला होता. खाली कारखान्याचा माणूस येऊन बसला. सकाळी नेलेली करवत लाकूड जाळतेय, तिकडे काम खोळंबलंय, असं त्याचं म्हणणं. वहिनींनी दात बोटाने चाचपला आणि काय बिघडलंय ते त्यांना लगेच कळलं. नाकातोंडाला फडकं बांधून त्या मशीनवर बसल्या. म्हटलं, एकच तर करवत. एक झाली, मग बाजूला पडलेली दुसरी दिसली, मग तिसरी. हात इतके सुखावले होते की वेळेचं भान राहिलं नाही. भाऊजी यायच्या आत सगळं जागच्या जागी ठेवून, अंग धुऊन त्या वर गेल्या. रात्री थोडं कोंडल्यासारखं वाटलं. कोणाला सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी नेमकी दवाखान्याची पाळी होती. बेकरीत मोठी ऑर्डर होती, म्हणून नवऱ्याने धाकट्या भावाला गळ घातली की वहिनीला तू घेऊन जा. नेहमीप्रमाणे लघवीची बाटली दिली, रक्त दिलं, नळीत फुंकलं. फुंकण्याचा आकडा खाली आला होता. लघवीचा निकाल आठवड्याने मिळणार होता, तेव्हाही भाऊजीच सोबत होते. डॉक्टरीणबाईंनी कागद वाचला, चष्मा कपाळावर सरकवला.

"दुकानात गेला होतात," त्या म्हणाल्या. विचारलं नाही, नुसतं म्हणाल्या.

भाऊजी मध्ये पडले, "नाही हो, त्या वरच असतात, मी स्वतः..." आणि वहिनींचा चेहरा बघून थांबले.

"मागच्या वेळी लघवीतल्या कोबाल्टचा हा आकडा रस्त्यावरच्या कुठल्याही माणसाइतका झाला होता," बाईंनी कागद भाऊजींच्या समोर धरला. "आता कामावर होत्या तेव्हाएवढा. किती वेळ बसला होतात?"

"दुपारभर," वहिनी म्हणाल्या. "फडकं बांधलं होतं."

फडक्यातून हा जातो, बाई म्हणाल्या. त्या रागावल्या नाहीत, आणि त्यामुळे वहिनींना जास्त लाज वाटली. मग बाईंनी भाऊजींना सहज विचारलं की तुमचीही तपासणी करायची का. भाऊजींनी खांदे उडवले, पण बाटली घेतली.

भाऊजींचा निकाल आणायला ते एकटेच गेले. परत आले ते दुकान न उघडता वर आले. वहिनी मटार सोलत बसल्या होत्या. ते समोर खुर्चीवर टेकले आणि त्यांनीही शेंगा सोलायला घेतल्या.

"माझा तुमच्यापेक्षा जास्त आहे," शेवटी भाऊजी म्हणाले. "तुमचा सगळ्यांत वाईट होता त्याहून जास्त."

वहिनींच्या हातातली शेंग तशीच राहिली. त्यांनी विचारलं, मग छाती? छाती चांगली आहे, भाऊजी म्हणाले, फुंकलं तर सुई पार टोकाला गेली. त्यांनी डॉक्टरीणबाईंना विचारलं होतं की असं कसं. बाई म्हणाल्या की काही जणांचं शरीर जन्मतःच या धातूला शत्रू म्हणून ओळखतं, काहींचं ओळखत नाही. कोणाचं कसं निघेल हे आधी सांगता येत नाही. आणि आज काही नाही म्हणजे उद्याही नाही, असं त्या लिहून द्यायला तयार नव्हत्या.

"धूळ माझ्या अंगात, आणि ठसका तुम्हाला," भाऊजी म्हणाले. "आणि मी म्हणालो, मला सर्दी होत नाही."

"त्या दिवशी मला फार लागलं ते," वहिनी म्हणाल्या.

"माहीत आहे. जेवताना दिसायचं."

त्यांनी माफी मागितली नाही, वहिनींनीही तेवढ्यासाठी अडवून धरलं नाही. उरलेल्या शेंगा दोघांनी मिळून सोलल्या. मग भाऊजी खाली गेले, पण मशीन सुरू झाल्याचा आवाज आला नाही. त्या दिवशी नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. कारखान्याला त्यांनी फोन करून सांगितलं की काही दिवस माल घेणार नाही, हवं तर दुसरीकडे द्या. कारखाना कुरकुरला, पण गेला नाही. एवढी चोख धार दुसरीकडे मिळत नव्हती.

पुढचे काही आठवडे तळमजल्यावर ठोकाठोक चालू होती. भाऊजींनी मशीनभोवती जाड पारदर्शक प्लास्टिकच्या पत्र्याची पेटी बांधली, हात घालायला दोन भोकं, त्यांना रबरी बाह्या. पेटीच्या डोक्यावर नळकांडं, त्यात पंखा आणि गाळणी. डॉक्टरीणबाईंच्या ओळखीचा एक हवा तपासणारा माणूस आला आणि पहिल्याच भेटीत म्हणाला की पंखा उलट्या बाजूला बसवलाय. भाऊजींनी तो काढून परत बसवला. जुनं पाणी ओतून दिलं नाही, पिंपात भरून घातक कचरा नेणाऱ्या गाडीला दिलं. नवं आणलं ते कोबाल्ट कमी विरघळवणारं, आणि ते वेळच्या वेळी बदलायचं ठरलं. हवेच्या झोताने कपडे झटकायचं यंत्र त्यांनी भिंतीवरून उतरवून माळ्यावर टाकलं. आजवर रोज संध्याकाळी दोघंही त्यानेच एप्रन साफ करायची. नवरा सुट्टीच्या दिवशी मदतीला यायचा, पण मदत कमी आणि हातोडी कुठे ठेवली ते विसरणं जास्त. एप्रन आता खालीच धुतले जायचे, वर येत नव्हते.

वहिनी हे सगळं गल्लीच्या पलीकडून बघायच्या. समोर एका शिंप्याचं दुकान बंद पडून होतं. भाऊजींनी एक दिवस त्याची किल्ली आणून वहिनींच्या हातात ठेवली आणि म्हणाले, साध्या पोलादाचं काम इकडे घ्या. पटाशा, रंधे, हातकरवती, कात्र्या, स्वयंपाक्यांच्या सुऱ्या. वहिनींना पहिल्यांदा ते खेळण्यातलं वाटलं. कोपऱ्यात बसवून ठेवायला दिलेलं काम. पण त्या डॉक्टरीणबाईंकडे जाऊन विचारून आल्या की कशात कोबाल्ट असतो आणि कशात नसतो. काही जातीच्या पोलादी ड्रिलमध्येही असतो, असं बाई म्हणाल्या. ती ड्रिल मग पेटीतच जाणार असं ठरलं. बाकी साधं पोलाद, ओल्या दगडावर, हाताने, आणि तरीही तोंडाला चांगला मास्क, खिडकी उघडी.

हातकरवतीचे दात कानशीने काढायचं काम सासऱ्यांनी त्यांना शिकवलं नव्हतं, तोवर ते मागे पडलं होतं. तेव्हा गल्लीतल्या म्हाताऱ्या सुताराला बोलावून त्या शिकल्या. पहिली करवत बिघडवली. दुसरीचे दात एकाआड एक वाकवताना तीन मोडले. सुतार म्हणाला, "वहिनी, तुम्ही यंत्राचं माणूस. इथे घाई चालत नाही." त्यांना राग आला आणि मग मजा वाटायला लागली. पुन्हा शिकाऊ होण्यात एक वेगळीच गंमत होती. कोणी चूक काढली की वाईट वाटायचं, आणि दुसऱ्या दिवशी ती चूक होत नव्हती. पुढे पुढे आसपासच्या उपाहारगृहांतले स्वयंपाकी सुऱ्यांची गुंडाळी घेऊन रांगेने यायला लागले. खरं सांगायचं तर त्या कामात त्यांना जुन्या मशीनसारखी ऐट वाटली नाही. पण हाताला काम होतं.

गोळ्या हळूहळू कमी झाल्या. तोंडावरची सूज उतरली. जिन्याच्या मधल्या पायरीवरचं थांबणं कधी सुटलं ते कळलंच नाही. एक दिवस वर पोचल्यावर लक्षात आलं. लेक बाळाला घेऊन आली तेव्हा ते धरून धरून उभं राहायला लागलं होतं. आजीने त्याला सबंध गल्ली फिरवून आणलं, त्याच्या वजनानं हात भरून आले, पण दम लागला नाही.

वर्ष सरता सरता डॉक्टरीणबाईंनी पुन्हा स्कॅन काढला. पहिला आणि नवा शेजारी शेजारी लावला. पहिल्यात फुप्फुसावर धुकं पसरल्यासारखं होतं, नव्यात ते बरंचसं विरलं होतं. तळाशी मात्र काही रेघा तशाच होत्या. त्या राहतील, बाई म्हणाल्या. धावत गाडी पकडायला जाऊ नका, सर्दी अंगावर काढू नका, मला भेटत राहा. लघवीत आता माझ्याइतकाच कोबाल्ट आहे. आणि आत उरलासुरला जो सुस्त धातू आहे, तो गिळून बसलेल्या पेशी एकेक करून वर येतायत, अजूनही. वर्षानुवर्षं येत राहतील.

"म्हणजे अजून उपसा चालू आहे," वहिनी म्हणाल्या.

"तुम्ही आता माझ्याशी बोलताय तेव्हाही."

भाऊजींचा आकडाही उतरला होता, अगदी रस्त्यावरच्या माणसाइतका नाही, पण निम्म्याहून खाली. ते दर थोड्या दिवसांनी न सांगता बाटली नेऊन द्यायचे. कारखान्याचं काम पूर्वीसारखं चालू होतं. फक्त आता समोरून वहिनींना चाकाचा आवाज पेटीतून दबका ऐकू यायचा, आणि कोन चुकला की नाही ते कळायचं नाही. ते एक त्यांना खटकायचं.

त्यानंतरची ही गोष्ट. दुपारची वेळ. एका सुताराची चांगली जुनी पटाशी चुकून भाऊजींच्या दुकानात गेली, आणि भाऊजींनी घाईत ती पेटीतल्या चाकाला लावली. पोलाद तापलं, धार निळी पडली, म्हणजे कामातून गेली. सुतार तोंड पाडून ती घेऊन वहिनींकडे आला. वहिनींनी पटाशी उजेडात धरली आणि दुकानाबाहेर येऊन उभ्या राहिल्या. नवरा बेकरीतले उरलेले पाव घेऊन नुकताच गल्लीत शिरला होता.

"भाऊजी, पोलाद कुठलं आणि कार्बाइड कुठलं हे मुठीत धरल्यावर कळत नाही का, आणि कळत नसेल तर समोर आणून दाखवायला पाय मोडतात का, ही या माणसाच्या वडिलांची पटाशी आहे, हिला तुम्ही चुलीत घातल्यासारखी भाजून ठेवलीत, आता मी इंचभर घासून काढली तरी आत ती निळाई किती गेली असेल देव जाणे, आणि वर निळी झाली तरी परत त्याच्या हातात तशीच दिलीत, काही वाटलं कसं नाही!"

भाऊजी आपल्या दारात उभे होते. पेटीच्या रबरी बाह्यांतून हात काढून तसेच आलेले. त्यांनी भावाकडे बघितलं, भावाने त्यांच्याकडे. नवऱ्याच्या हातातली पावांची पिशवी जमिनीला टेकली होती, आणि त्याला ते कळलं नव्हतं.

"वहिनी," भाऊजी म्हणाले, "हे सगळं पुन्हा एकदा म्हणा."

"का? ऐकू आलं नाही?"

"ऐकू आलं. मध्ये कुठे थांबलाच नाहीत."

वहिनी गोंधळल्या. सुतार एकाकडून दुसऱ्याकडे बघत राहिला. पटाशीचं काय ते त्याला अजून कोणी सांगितलं नव्हतं. मग वहिनींनी छातीवर हात ठेवला, एक श्वास घेतला, सावकाश, आणि तो जिथपर्यंत जायला हवा तिथपर्यंत गेला की नाही ते बघितलं. तळाशी किंचित अडखळला. बाकी गेला.

"थांबायला हवं होतं," त्या म्हणाल्या. "तुम्हाला मध्ये बोलायला जागा मिळाली असती."

त्यांनी सुताराला आत स्टुलावर बसवलं, नवऱ्याकडून दोन पाव घेऊन त्याच्या हातात दिले, आणि खडबडीत दगड पाण्यात भिजत घातला. निळाई संपूर्ण घासून काढायला संध्याकाळ होणार होती.